सरकारी शाळेत कार्यक्रम घेताय? आधी विम्याचा कागद, मग मांडव

गोव्यातल्या गावात सरकारी प्राथमिक शाळेचा उपयोग शाळा सुटल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होतो. भजनाचा सराव, फुगडीची तालीम, नाटक, योगवर्ग, रक्तदान शिबिर, दिवाळीच्या आधी नरकासुराचा सांगाडा, सगळ्याला जागा तीच: एखादा वर्ग, व्हरांडा नाहीतर पटांगण. मुख्याध्यापकांना फोन केला की चावी मिळते, आणि कुणी पडेपर्यंत त्यात काही चुकले असे कुणालाच वाटत नाही.

कुणी पडले, भाजले, मांडवाचा खांब कुणाच्या डोक्यावर आला, तर भरपाई कोण देणार हा प्रश्न येतो. परवानगीच्या कागदावर त्याचे उत्तर बहुधा आधीच लिहिलेले असते: आयोजक. म्हणजे अर्जावर सही करणारे अध्यक्ष आणि सचिव. विम्याची अट कुणी घालो वा न घालो, पहिल्यांदाच जागा घेणाऱ्या मंडळाने पुढची कामे याच क्रमाने करावीत. कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी सुरुवात केली तर धावपळ होत नाही.

कोणता विमा मागायचा

एजंटकडे जाऊन नुसते ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हटले की निम्म्या वेळा चुकीचे कोटेशन येते. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा भोपाळ दुर्घटनेनंतर आला. तो धोकादायक रसायने हाताळणाऱ्यांना सक्तीचा आहे. शाळेतल्या नाटकाशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला हवी ती ‘पब्लिक लायबिलिटी – नॉन इंडस्ट्रियल’ पॉलिसी, किंवा एका कार्यक्रमापुरत्या ‘इव्हेंट’ पॉलिसीतला दायित्वाचा भाग.

हा विमा बाहेरच्या माणसासाठी असतो: प्रेक्षक, पालक, कंपाउंडला लागून राहणारा शेजारी. तुमच्या निष्काळजीपणामुळे त्याला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचे नुकसान झाले आणि कायद्याने भरपाई तुमच्यावर आली, तर ती कंपनी भरते. निष्काळजीपणा नसताना कुणी पाय मुरगळून घेतला तर कंपनी पैसे देणार नाही; दावा झाल्यास तो लढवण्याचा खर्च देईल. हा फरक मंडळातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावा, नाहीतर ‘विमा काढला होता ना, मग दे की’ अशी गावात चर्चा होते.

एवढे कशाला, असे वाटत असेल तर २३ डिसेंबर १९९५ ची डबवालीची आग आठवावी. हरयाणातल्या त्या छोट्या शहरात एका शाळेचा वार्षिक समारंभ मांडवात चालू होता. आग लागली, बाहेर पडायला वाट अपुरी होती, चारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. भरपाईचा बोजा पुढे न्यायालयाने शाळेच्या व्यवस्थापनावर आणि सरकारी यंत्रणांवर वाटून टाकला.

जागा कोणाची, हे आधी पक्के करा

इमारतीवर ‘विद्यालय’ लिहिले म्हणून ती सरकारी होत नाही. गोव्यातली बरीच माध्यमिक विद्यालये अनुदानित आहेत. पगाराला अनुदान सरकारचे, इमारत खाजगी संस्थेची. तिथे परवानगी संस्थेच्या व्यवस्थापकांकडून घ्यायची. सरकारी प्राथमिक शाळा असेल तर अर्ज मुख्याध्यापकांमार्फत भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो आणि गरज पडल्यास तिथून पर्वरीला शिक्षण संचालनालयात. पटसंख्या घटल्याने बंद पडलेल्या शाळेची इमारत अंगणवाडीला किंवा दुसऱ्या खात्याला दिलेली असू शकते. तेव्हा मुख्याध्यापकांनी दिलेल्या तोंडी परवानगीला काही अर्थ उरत नाही.

हे विम्यासाठी महत्त्वाचे का? पॉलिसीत जागामालकाचे नाव घालायचे असते, आणि चुकीचे नाव घातले तर ते न घातल्यासारखेच.

संस्थेची शाळा असेल तर आणखी एक विचारा: तुमची स्वतःची दायित्व पॉलिसी आहे का, आणि बाहेरच्या मंडळाने जागा वापरली तर ती चालते का? बहुतेक वेळा ती शाळेच्या स्वतःच्या कामापुरती असते. सरकारी इमारतीच्या बाबतीत ‘सरकारचा विमा असेलच’ असे मुळीच गृहीत धरू नका.

मंडळ कागदावर कोण आहे

नोंदणी नसलेल्या मंडळाच्या नावावर दावा आला की तो सही करणाऱ्यांवर जातो. त्यांच्या घरापर्यंत, बँकेतल्या पैशांपर्यंत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचे तसे नाही. दावा पदाधिकाऱ्याच्या नावे चालला तरी, कलम ८ प्रमाणे, वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते, त्याच्या खाजगी मालमत्तेतून नाही. दरवर्षी कार्यक्रम करणाऱ्या मंडळाने नोंदणी करूनच घ्यावी. तोपर्यंत विमा काढताना ‘विमाधारक’ या रकान्यात मंडळाबरोबर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची नावेही घालायला सांगा.

नाव अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. पावतीपुस्तकावर गावात रुळलेले छोटे नाव, नोंदणी दाखल्यावर लांबलचक नाव, बँकेत तिसरेच, हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा. परवानगी अर्ज, हमीपत्र, पॉलिसी या तिन्हींवर दाखल्यावरचेच नाव हवे.

हमीपत्र: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

शाळेकडून किंवा खात्याकडून येणाऱ्या हमीपत्राचा मसुदा साधारण असा असतो: ‘कार्यक्रमाच्या काळात इमारतीत कोणत्याही कारणाने झालेल्या कोणत्याही अपघाताची व नुकसानीची संपूर्ण जबाबदारी आमची राहील.’ मंडळी वाचतात, मान डोलावतात, सही करतात.

आता पॉलिसी उघडा. ‘अपवाद’ या भागात एक कलम सापडेल: कायद्याने जी जबाबदारी एरवी तुमच्यावर आली नसती, पण केवळ करारामुळे तुम्ही अंगावर घेतली, ती या विम्यात धरलेली नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. छपराचा वासा वाळवीने आधीच पोखरलेला होता, दुरुस्ती खात्याकडे वर्षभर अडकून पडली होती, आणि मंगलोरी कौले तुमच्या कार्यक्रमात प्रेक्षकांवर कोसळली. कायद्याने ही जबाबदारी मुख्यतः जागामालकाची. पण ‘कोणत्याही कारणाने’ या दोन शब्दांनी ती तुम्ही स्वतःवर ओढून घेतली, आणि विमा कंपनी नेमक्या त्याच दोन शब्दांवर बोट ठेवून हात वर करील.

म्हणून सहीपूर्वी वाक्य बदलून मागा. असे चालते:

‘कार्यक्रमाच्या आयोजनात आमच्या, आमच्या स्वयंसेवकांच्या किंवा आम्ही नेमलेल्या कंत्राटदारांच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेची व नुकसानीची जबाबदारी आमची राहील. इमारतीच्या मूळ बांधकामातील व देखभालीतील दोषांमुळे होणारे नुकसान यात येणार नाही.’

सरकारी कचेरीत छापील मसुदा बदलत नाहीत, हे खरे. मग दोन गोष्टी करा. हमीपत्राची प्रत विमा कंपनीला प्रस्ताव अर्जाबरोबरच द्या आणि ही करारातली जबाबदारी पॉलिसीत जोडून मिळेल का ते लेखी विचारा. आणि जागा ताब्यात घेण्याआधी मुख्याध्यापकांबरोबर एक फेरी मारून दोषांची यादी करा: फुटलेली कौले, हलणारा पंखा, उघडी वायर, विहिरीचा मोडका कठडा. यादीवर दोघांच्या सह्या, सोबत तारखेसह फोटो. पुढे वाद झाला तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

विमा कुठून, किती रकमेचा

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या, शिवाय खाजगी कंपन्या, हा विमा देतात. गावातला एजंट गाडीचा आणि आरोग्याचा विमा रोज करतो, हा क्वचित. त्याला थेट ‘मिसलेनियस’ विभागाशी बोलायला सांगा, किंवा शाखेत स्वतः जा. छोट्या रकमेचे काम म्हणून टाळाटाळ होते. दोन-तीन ठिकाणी अर्ज द्यावा.

रकमेचे दोन आकडे असतात. एका अपघाताला जास्तीत जास्त किती, आणि पूर्ण मुदतीत मिळून किती. यांचे गुणोत्तर १:१, १:२ असे लिहितात. २५ लाख, १:२ म्हणजे एका अपघाताला २५ लाख आणि मुदतीत एकूण ५० लाख. बहुतेक पॉलिसींत वकिलाचा खर्चही याच मर्यादेतून जातो.

रक्कम अंदाजाने टाकू नका. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत भरपाईचा जो हिशेब घालून दिला, त्याचा आधार इतर अपघातांतही घेतला जातो. ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा करून महिना २०,००० मिळवणारा, तीन माणसे त्याच्यावर अवलंबून, असा माणूस अपघातात दगावला समजा. वर्षाचे २,४०,०००. भावी वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा, राहिले २,२४,०००. या वयाला न्यायालयाने ठरवलेला गुणक १६. झाले ३५,८४,०००, आणि अंत्यविधी, कुटुंबाचा विरह यांची भरपाई वरून वेगळी. गावातल्या मध्यम कमाईच्या एका माणसाचा हा आकडा. दहा लाखांच्या पॉलिसीने परवानगीच्या फाइलमधली खूण तेवढी होते. शंभर-दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला ५० लाखांच्या खाली जाऊ नये, असे आमचे मत. मर्यादा दुप्पट केली म्हणून हप्ता दुप्पट होईलच असे नाही. दोन्हींचे कोटेशन मागून पाहा.

हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर गेला, ती सूट या विम्याला लागू नाही. आणि विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. ‘पैसे नंतर देऊ, कागद आज द्या’ इथे चालत नाही. चेक वटला नाही तर पॉलिसी हातात असूनही विमा नाही.

प्रस्ताव अर्जात काय लपवू नये

माणसे किती येणार, तात्पुरता रंगमंच आहे का आणि किती उंच, जेवण आहे का, गॅस सिलिंडर किती, जनरेटर आहे का, आतषबाजी होणार का, याआधी अपघात झाला आहे का. हप्ता वाढेल म्हणून यातले गाळले की दावा फेटाळायला कंपनीला आयते कारण मिळते.

नरकासुराचे उदाहरण घ्या. लोखंडी सांगाडा, गवत, कागद, पोटात फटाके. चतुर्दशीच्या पहाटे दहन. पटांगण घेताना अर्जात मंडळ लिहिते ‘प्रतिमा तयार करणे’. दहन तिथेच होणार असेल तर तसे लिहा. आग आणि फटाक्यांचा कार्यक्रम कंपनी नाकारू शकते किंवा अटी घालू शकते. तो नकार आधी कळलेला बरा. शाळेच्या आवारात फक्त बांधणी आणि दहन बाहेर मोकळ्या जागी, अशी वाटणी केली तर अर्ज बराच सोपा होतो.

पॉलिसीत काय नसते, आणि काय जोडून घ्यायचे

मंडळे सर्वात जास्त फसतात ती शाळेच्या वस्तूंवरून. तुमच्या ताब्यात, देखरेखीखाली असलेल्या मालमत्तेचे नुकसान सर्वसाधारण दायित्व पॉलिसीत धरत नाहीत. म्हणजे तुमच्या दिव्यामुळे शाळेचा पडदा जळला, प्रोजेक्टर पडला, फळा फुटला, तर ‘ते दुसऱ्याचे आहे’ हा युक्तिवाद पुरत नाही. तीन दिवस ते तुमच्या ताब्यात होते. भाड्याने किंवा वापरायला घेतलेल्या जागेच्या नुकसानीचे वेगळे संरक्षण मागून घ्या. परवानगीच्या अटींत अनामत रक्कम असेल तर ती यासाठीच असते.

जेवण, नाश्ता, प्रसाद असेल तर ‘फूड अँड बेव्हरेजेस’ हे जोड-कलम हवे. विषबाधा मूळ पॉलिसीत नसते. खेळांच्या स्पर्धा असतील तर खेळांचे जोड-कलम. वादळ, पूर, भूकंप यांतून उद्भवणारी जबाबदारीही वेगळी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर या काळातल्या कार्यक्रमाला, म्हणजे चतुर्थीच्या आसपास, हे विसरू नये.

स्वयंसेवक आणि कलाकार हे ‘बाहेरचे’ धरायचे की नाही यावर वाद होतो. त्यांच्यासाठी गट वैयक्तिक अपघात विमा घ्या. माणसांची यादी द्यायची आणि त्यात कुणाचा दोष हे सिद्ध करावे लागत नाही. पगारी माणूस असेल तर कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी. मांडववाला आणि ध्वनी-प्रकाशवाला यांच्याकडून त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीची प्रत घ्या. नसेलच, तर निदान तुमच्या पॉलिसीत कंत्राटदारांची कामे धरली आहेत असे लेखी असू द्या.

आता जागामालक. शाळेचे व्यवस्थापन किंवा शिक्षण खाते यांना अतिरिक्त विमाधारक म्हणून पॉलिसीत घालायला सांगा, आणि कंपनीने त्यांच्याकडून वसुली करण्याचा हक्क सोडल्याचे कलम मागा. ते नसेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर शाळेवर दावा लावू शकते, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला चावी कोण देणार? हा बदल पॉलिसीला जोडलेल्या एंडॉर्समेंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या अधिकृत पुरवणीत, दिसला पाहिजे. एजंटने लेटरहेडवर दिलेला दाखला पुरेसा नाही. त्याने पॉलिसी बदलत नाही.

तारखांची गफलत

नाटक शनिवारी म्हणून विमा शनिवारचा, ही नेहमीची चूक. मांडव गुरुवारी उभा राहतो आणि रविवारी सुटतो, आणि बांबू खाली येतात ते नेमके त्या दिवसांत. चावी हातात आल्यापासून चावी परत देईपर्यंत विमा हवा. पावसामुळे तारीख बदलण्याची शक्यता असेल तर राखीव तारीखही आधीच घाला. दर आठवड्याला वर्ग घेणाऱ्यांनी वार्षिक पॉलिसी घ्यावी.

दुसरी गफलत खोल आहे. आपल्याकडच्या बऱ्याच दायित्व पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात: अपघातही मुदतीत व्हायला हवा आणि दावाही मुदतीतच यायला हवा. चार दिवसांच्या पॉलिसीत हे जवळजवळ अशक्य. वकिलाची नोटीस दोन महिन्यांनी येते. म्हणून विकत घेतानाच विचारा की मुदत संपल्यावर दावा कळवायला किती दिवस मिळतात. पॉलिसीत बहुधा आणखी एक सोय असते: ज्यातून पुढे दावा येऊ शकतो अशी घटना तुम्ही मुदतीत लेखी कळवली आणि कंपनीने ती नोंद स्वीकारली, तर पुढचा दावा मुदतीतच आला असे धरतात. किरकोळ वाटणारी पडझडसुद्धा त्याच दिवशी ईमेलने कळवायची ती यासाठी.

कार्यक्रमाच्या दिवशी

सगळी दारे कुलपाविना, बाहेरच्या बाजूला उघडी, आणि त्यांच्यासमोर खुर्च्या नाहीत. दाराची एक फळी कडी लावून बंद ठेवण्याची शाळांतली सवय मोडा. मांडवाची वीज शाळेच्या जुन्या बोर्डातून ओढू नका. विद्युत खात्याकडून तात्पुरती जोडणी घ्या आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. अग्निशामक सिलिंडर निदान दोन, एक रंगमंचाजवळ, एक स्वयंपाकाजवळ, दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते पाहून.

पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्या हा गोव्यातल्या शाळांचा खास धोका. शेवाळ वरून काळपट दिसते, कोरडे वाटते, आणि संध्याकाळच्या दवाने पुन्हा निसरडे होते. आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, धुवा, आणि संध्याकाळी पायरीवर दिवा लावा. या घासलेल्या पायरीचा फोटोही फाइलीत ठेवा.

उघड्या पटांगणावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालवायचा तर त्यासाठी वेगळी सवलत लागते. नियम मोडून चाललेल्या कार्यक्रमात अपघात झाला की कंपनी पहिल्यांदा परवानगीची वेळ पाहते.

अपघात झालाच तर

आधी माणूस. १०८ ला फोन, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा इस्पितळात नेणे. यात विम्याचा विचार मधे आणू नका. त्यानंतर तीन गोष्टी:

चूक आमची, सगळा खर्च आम्ही देऊ, असे माइकवरून, व्हॉट्सॲपवर किंवा नातेवाइकांसमोर जाहीर करू नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, ही पॉलिसीची अट असते. उपचाराला लगेच पैसे द्यावेसे वाटले तर जरूर द्या, पण पावतीवर ‘माणुसकीच्या नात्याने, जबाबदारी मान्य न करता’ असे लिहा.

जागा आहे तशी ठेवून फोटो काढा, पाहणाऱ्या तिघा-चौघांची नावे आणि फोन नंबर लिहून घ्या. गंभीर इजा असेल तर पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्या.

कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, मुख्याध्यापकांना प्रत द्या. वकिलाची नोटीस किंवा समन्स आले तर स्वतः उत्तर न देता तसेच कंपनीकडे पाठवा. कंपनी दाद देत नसेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही अडले तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

कार्यक्रम सुरळीत झाला तरी चावी परत देताना पुन्हा मुख्याध्यापकांबरोबर तीच फेरी, तीच यादी, दोघांच्या सह्या. मग सगळी फाइल एका जागी: परवानगी, हमीपत्र, पॉलिसी, एंडॉर्समेंट, फोटो. ती पुढच्या चतुर्थीला रद्दीत घालू नका. मोठ्या माणसाला दाव्यासाठी साधारण तीन वर्षे असतात, पण मूल जखमी झाले असेल तर मुदतीचे घड्याळ ते १८ वर्षांचे झाल्यावर सुरू होते. सहा वर्षांचे मूल पडले असेल तर ती फाइल पंधरा वर्षे सांभाळावी लागेल. तोपर्यंत सचिव दोन-चारदा बदललेला असेल, म्हणून ती सचिवाच्या घरच्या कपाटात न ठेवता बँकेच्या पासबुकाबरोबर मंडळाच्या दप्तरात ठेवा आणि पदभार देताना यादीत तिचा उल्लेख करा.